फायटरचे पर बरे होतात आणि पुन्हा झडतात, तेव्हा काय तपासायचं

बेट्टा, म्हणजे आपण दुकानात ज्याला फायटर म्हणतो तो मासा पाळणाऱ्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. पर झडायला लागतात, दुकानदार निळं औषध देतो, आठवड्याभरात कडा बऱ्या दिसतात, औषध बंद होतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मग डोस वाढतो. पुढच्या वेळी मासा तळाशी पडून राहायला लागतो, खाणं सोडतो, आणि घरातली लहान मुलं टाकीला नाक लावून बसतात. या चक्रात अडकलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

असा उलटून उलटून येणारा फिन रॉट, म्हणजे पर कुजून झडण्याचा रोग, बहुतेक वेळा पाण्यामुळे होतो, आणि आपण औषध मात्र माशाला देत बसतो. परांवर वाढणारे जिवाणू प्रत्येक टाकीत थोडेफार असतातच. धडधाकट माशाचं ते काही वाकडं करू शकत नाहीत. अंगावरचा बुळबुळीत थर अमोनियाने किंवा क्लोरीनने भाजला, गारठ्याने प्रतिकारशक्ती मंदावली, की त्यांना वाट मिळते. औषधाने जिवाणू मरतात, पण भाजणं चालूच राहतं. म्हणून औषध संपलं की पर पुन्हा झडतात.

आधी पर नीट बघा

टाकीच्या मागे पांढरा कागद चिकटवा आणि मासा शांत तरंगत असताना शेपटीची कड जवळून पाहा. पराला बारीक काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा. फिन रॉटमध्ये पडदा मागे सरकतो, काड्यांची टोकं उघडी पडतात आणि कडेला काळपट, तांबूस किंवा पांढुरकी रेघ दिसते. हे हळूहळू होतं, रोज थोडं थोडं.

रात्री शेपूट पूर्ण होती आणि सकाळी तिच्यातून अर्धगोल तुकडा गायब, कड मात्र स्वच्छ, असं असेल तर माशाने स्वतःच शेपूट चावली आहे. सरळ उभी चीर असेल तर पर कशात तरी अडकून फाटला. जुन्या शिफॉनच्या ओढणीचा तुकडा टाकीतल्या प्लास्टिकच्या झाडांवरून आणि शोभेच्या दगडांवरून फिरवा. ओढणी जिथे अडकते तिथे परही अडकणार. ती वस्तू काढून टाका.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. नवा पर फुटतो तो रंगहीन, पारदर्शक असतो. त्या पारदर्शक कडेला रोग समजून पुन्हा औषध ओतणारे पुष्कळ आहेत. तिथे काहीच करायचं नसतं. मासा बरा होतोय.

शेवटची साफसफाई कधी केली?

कुणी टाकीबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो. आमच्या मजल्यावरच्या एका काकू दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करायच्या. मासा मगमध्ये, खडे बादलीत, काच स्क्रबरने घासून लख्ख, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नव्यासारखा.

"काकू, इतकं कशाला धुता?" मी विचारलं.

"अगं, घाणीनेच तर रोग होतो ना," त्या म्हणाल्या.

त्यांचं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, आणि मंगळवार-बुधवार उजाडला की त्यांचा लाल फायटर पर मिटून कोपऱ्यात जाऊन बसायचा. अशाच एका बुधवारी मी पाण्यात अमोनिया मोजला. अमोनिया नसेल तर टेस्ट ट्यूबमधलं पाणी पिवळं राहतं, ते हिरवंगार झालं. काकू कितीतरी वेळ ती ट्यूब उजेडात धरून बघत होत्या.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ असलं तरी ते विषारी असू शकतं. टाकीत एक प्रकारचे उपयोगी जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातक आहे. नायट्रेट त्या मानाने खूपच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात आणि राहतात ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. पाण्यात फारच थोडे. म्हणजे आपण ज्या तीन गोष्टी रविवारी घासतो, नेमक्या त्याच. विरजणाचा शेवटचा चमचाही धुऊन टाकला तर उद्या दही कशाने लागणार? काकूंची टाकी दर रविवारी पहिल्या दिवसावर यायची.

त्यांच्याकडे आता आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदललं जातं. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा दाबून. तो तपकिरी दिसतो आणि तसाच दिसायला हवा.

मुंबईचं पाणी

इथे जरा थांबते, कारण इंटरनेटवरचे सल्ले परदेशातले असतात आणि आपलं पाणी वेगळं आहे.

मुंबईला अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून पाणी येतं. ते शुद्ध करताना क्लोरीन घालतात, आणि आपल्या पोटासाठी ते घालायलाच हवं. पण तेच क्लोरीन माशाचे कल्ले भाजतं आणि स्पंजवरचे जिवाणू मारतं. नळाचं पाणी थेट टाकीत ओतणं हे पर झडण्याचं साधं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेलं कारण. बादलीत पाणी उघडं ठेवून चोवीस तासांनी वापरलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं. मी तरीही ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घालतेच. ते स्वस्त असतं, लगेच काम करतं आणि बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळलं की झालं. साधं अँटिक्लोरीन क्लोरीन काढतं, अमोनिया काढत नाही, एवढं लक्षात ठेवा. पाणी साठवलेल्या बादलीवर जुना सुती कपडा बांधा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि पालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा ही बादलीही बघतात. एका दिवसापेक्षा जास्त पाणी साठवून ठेवू नका.

सोसायटीची टाकी धुतली की पुढचे दोन-तीन दिवस नळाला ब्लीचिंग पावडरचा वास येतो. त्या दिवसांत पाणी बदलू नका. टाकी कधी धुणार याची नोटीस खाली लागते, ती वाचून आदल्या दिवशीच एक बादली भरून ठेवता येते. पहिल्या जोराच्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हाही हीच काळजी.

आणि मग एप्रिल-मे. तलावांची पातळी खाली जाते, कपात सुरू होते. २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत दहा टक्के पाणीकपात होती. अशा दिवसांत बऱ्याच सोसायट्या टँकर मागवतात किंवा बोअरवेलचं पाणी मिसळतात. तलावाच्या पाण्यात क्षार कमी असतात. बोअरचं पाणी जड, आणि त्याचा पीएचही (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) बरेचदा जास्त असतो. अमोनियाचा विषारीपणा पीएचवर ठरतो. पीएच सातच्या आसपास असताना त्यातला फारच थोडा भाग विषारी रूपात असतो. पीएच आठवर गेला तर तोच भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे टाकीत अमोनिया तेवढाच, किटवरचा आकडा तोच, मासा खातोय तेवढंच, आणि तरी मे महिन्यात अचानक पर झडायला लागतात. "काहीच बदललं नाही हो," असं लोक सांगतात. टँकर आला होता का, हे विचारलं की उलगडा होतो.

यावर उपाय म्हणून काही जण आरओ मशीनचं नुसतं पाणी वापरतात. तसं करू नका. आरओ पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे पीएच सावरून धरायला काही उरत नाही आणि तो घसरत जातो. उपयोगी जिवाणूही मंदावतात. टँकरच्या दिवसांत थोडं आरओ आणि थोडं नळाचं असं मिसळून, एका वेळी कमी पाणी बदललेलं बरं. बेट्टा साडेसहापासून साडेसातपर्यंतच्या पीएचमध्ये सुखात राहतो, जरा इकडेतिकडे झालं तरी चालवून घेतो. पण एका दिवसात मोठा फरक पडला तर तो त्याला सोसत नाही.

रात्रीचा एसी

बेट्टा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातला. त्याला पाणी २५ ते २८ अंश लागतं. मुंबईत हीटर कशाला, असं सगळेच म्हणतात. पण टाकी बेडरूममध्ये असेल तर मे महिन्यात दुपारी पाणी ३० अंशांवर आणि रात्रभर एसी चालल्यावर पहाटे २४ वर, असा रोजचा झोका बसतो. छोट्या भांड्यात तर पाणी फारच पटकन गार होतं. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की एसी नसलेल्या घरातही पाणी २२-२३ पर्यंत उतरतं. गार पाण्यात मासा सुस्तावतो, पचन मंदावतं आणि जखम भरत नाही.

साधा काचेचा थर्मामीटर टाकीत सोडा आणि सकाळी उठल्याबरोबर आकडा बघा. पहाटे २५ च्या खाली जात असेल तर छोटा, थर्मोस्टॅट असलेला हीटर २६ वर लावा. पंचवीसेक लिटरला ५० वॉटचा पुरतो. पाणी काढण्याआधी हीटर बंद करायची सवय लावून घ्या, नाहीतर काच तडकते. नवं पाणी ओतण्यापूर्वीही तापमान बघा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं.

हवेबद्दलही बोलायला हवं. बेट्टा वरची हवाही घेतो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतून ऑक्सिजन घेणारा खास अवयव असतो. त्यामुळे खोलीतल्या हवेत जे फवारलं जातं ते त्याच्यापर्यंत पोचतं. डास मारणाऱ्या लिक्विड मशीनमध्ये आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं असतात आणि ती माशांना अतिशय विषारी आहेत. मशीन टाकीच्या खोलीत नको. पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणीची गाडी आली किंवा घरात पेस्ट कंट्रोल असलं तर खिडक्या लावा, टाकीवर ओला टॉवेल टाका आणि धूर जाईपर्यंत एअर पंप बंद ठेवा.

बाऊलचं काय करायचं

दोन-तीन लिटरच्या बाऊलमध्ये वरचं काहीच टिकत नाही. अमोनिया एका दिवसात चढतो, तापमान तासागणिक हलतं, फिल्टर बसत नाही. "हा मासा डबक्यातच राहतो" असं दुकानात सांगतात, कारण तिथे तो ग्लासात ठेवलेला असतो. खरं तर तो भातखाचरांत, दलदलीत, संथ ओढ्यांत राहतो. पाणी उथळ असतं, पण पसरलेलं आणि वनस्पतींनी गच्च भरलेलं. कोकणातल्या खाचरांची ज्यांना सवय आहे त्यांना हा फरक सांगायला नको. हवेतून श्वास घेता येतो म्हणून तो ग्लासात चार दिवस तगतो, इतकंच. अमोनियाने त्याचे कल्ले भाजायचे ते भाजतातच.

जागा नाही ही मुंबईची खरी अडचण आहे आणि मी ती हलकी समजत नाही. तरी ४० × २५ × २५ सेंटीमीटरची टाकी, म्हणजे काठोकाठ भरली तर पंचवीस लिटर, शूरॅकवर किंवा टीव्ही युनिटच्या एका कडेला मावते. पाणी, खडे, काच मिळून वजन तीस किलोपर्यंत जातं, तेव्हा फळी तेवढी मजबूत हवी. वर झाकण ठेवा, बेट्टा उडी मारतो. छोटा स्पंज फिल्टर लावा आणि एअर पंपच्या नळीवर व्हॉल्व्ह बसवून बुडबुडे कमी करा. लांब परांच्या माशाला प्रवाहाशी झगडायला लावलं तर तो थकतो. टाकीच्या काठावरून मनी प्लांटच्या दोन फांद्या सोडा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. मुळं नायट्रेट ओढून घेतात आणि मासा त्यांच्यात विसावतो.

आत्ता पर झडत असतील तर

पहिलं काम अमोनिया आणि नायट्राइट मोजणं. थेंबांचं किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचं असतं. दोन्ही शून्य हवेत. ०.२५ पीपीएम (म्हणजे लिटरला पाव मिलिग्रॅम) किंवा जास्त दिसलं तर एक तृतीयांश पाणी त्याच दिवशी बदला, अँटिक्लोरीन घालून, तापमान जुळवून. आकडे शून्यावर येईपर्यंत रोज मोजा आणि लागेल तसं बदला. खाणं निम्म्यावर आणा. एरवीही सकाळ-संध्याकाळ तीन-चार दाणे त्याला पुष्कळ होतात. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचं पिळलेलं पाणी मागून आणा आणि आपल्या फिल्टरजवळ ओता. तपकिरी गढूळ दिसेल, घाबरू नका. काही तासांत ते खाली बसतं.

नुसत्या कडा झडलेल्या असतील तर स्वच्छ आणि उबदार पाण्यावरच मासा बरा होतो, औषध लागत नाही. सोबत बदामाचं पान टाका. काजू-बदामातला बदाम नव्हे, आपल्या रस्त्यांवर आणि शाळांच्या आवारात मोठ्या पानांचा जो बदाम असतो, तो. झाडावरून आपोआप गळलेलं, पूर्ण वाळून तपकिरी झालेलं पान घ्या. रहदारीच्या रस्त्यालगतचं किंवा फवारणी झालेल्या बागेतलं नको. धुऊन, वाळवून वीस लिटरला एक पान पुरतं, दोन-तीन आठवड्यांनी बदला. पाणी फिकट चहाच्या रंगाचं होतं. त्यातले टॅनिन जिवाणूंना आणि बुरशीला थोडा आळा घालतात आणि पीएच किंचित खाली आणतात.

झड पराच्या मध्यापर्यंत आली असेल तर माशाला वेगळ्या, पाच-सहा लिटरच्या टबात घ्या आणि जाडं मीठ लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, आधी विरघळवून, एकदम न ओतता तीन-चार वेळा थोडं थोडं करून घाला. दहा दिवसांवर मीठ चालवू नका. टबाला मुरलेला फिल्टर नसतो, म्हणून रोज निम्मं पाणी बदलायचं आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं. मेथिलीन ब्लू, म्हणजे निळं औषध, वापरायचं असेल तर तेही टबातच. मुख्य टाकीत ते गेलं की उपयोगी जिवाणूही मरतात, आणि आजाराचं चक्र तिथूनच पुन्हा सुरू होतं. माणसांच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकायचा सल्ला अनेक जण देतात. डोस चुकतो, जिवाणू निर्ढावतात, पाणी बिघडतं. तो प्रयोग नको.

झड अंगापर्यंत पोचली, कापसासारखा पांढरा थर आला, खवले उभे राहिले किंवा मासा तीन-चार दिवस काहीच खात नसेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मासे बघणारा पशुवैद्य गाठा, आणि जाताना टाकीचं पाणी वेगळ्या बाटलीत घेऊन जा.

पाणी सुधारल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ती पारदर्शक कड दिसायला लागते. पूर्ण पर यायला काही महिने लागू शकतात. नवा भाग कधी फिका येतो, कधी थोडा वाकडा. त्याने माशाचं काही अडत नाही.

आकडे तीन-चार आठवडे शून्यावर आहेत, पहाटेचं तापमान ठीक आहे, टाकीत टोकदार काही नाही, आणि तरीही सकाळी शेपटीला नवा अर्धगोल दिसतो, असं झालं तर तो चावरा मासा आहे. हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीच्या जातीत हे जास्त दिसतं, इतकी जड शेपूट ओढत पोहायचा त्याला त्रास होतो. त्याच्या टाकीत प्रवाह आणखी कमी करा, मागच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर तिथे गडद कागद लावा, पृष्ठभागाजवळ आडवं पान ठेवा म्हणजे तो त्यावर टेकून विसावा घेईल. काहींची सवय यानंतर सुटते. काही आयुष्यभर तोकडी शेपूट घेऊन राहतात आणि मजेत राहतात, त्यांना औषध देऊ नका. पुढचा मासा आणायची वेळ आली की प्लाकाट, म्हणजे आखूड शेपटीचा बेट्टा बघा. तो चपळ असतो, दिवसभर टाकीभर फिरतो आणि त्याचे पर झडायचे प्रसंगही कमी येतात.